तोंडातला खेकडा बांध कसा पोखरतो

वस्तीत कुणाला तोंडाचा कर्करोग निघाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक म्हणजे, "त्यांच्या रक्तातच आहे ते, त्यांचा आजाही असाच गेला." आणि दुसरे, "डॉक्टरने तुकडा काढला आणि तिथून पसरला." जव्हार, मोखाडा, खोडाळ्याच्या घरांत आम्ही ही वाक्ये ऐकतो, तशीच ती मुंबईच्या चाळीतही ऐकतो. पहिल्या वाक्याने घरच्यांचे हातपाय गळतात आणि दुसऱ्याने रुग्ण तपासणीच्या टेबलावरून उठून घरी येतो. दोन्ही चूक आहेत. पण ती का चूक आहेत हे समजायचे तर रक्त, जनुक आणि रोगाचे पसरणे यांविषयी थोडे बोलावे लागेल. आपल्या मुंबईतच गेल्या काही वर्षांत यावर मोलाचे संशोधन झाले आहे. ते इंग्रजी नियतकालिकांत छापले गेले, म्हणून आपल्यापर्यंत आले नाही.

आधी जनुक म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर कोट्यवधी पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत तिने काय काम करायचे, कधी वाढायचे, कधी थांबायचे, कधी मरायचे याच्या सूचना लिहिलेल्या असतात. अशा एकेका सूचनेला जनुक म्हणतात. या सूचना आईबापाकडून आपल्याकडे येतात हे खरे, पण त्या पुढे आयुष्यात बिघडूही शकतात, आणि तेही शरीराच्या एखाद्याच कोपऱ्यात. गालाच्या आतल्या कातडीतल्या एका पेशीची सूचना बिघडली म्हणून हाताच्या पेशीची बिघडत नाही, आणि ती बिघडलेली सूचना मुलाबाळांकडेही जात नाही. तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा या प्रकारचा असतो. काही अगदी दुर्मीळ आजार घराण्यातून येतात आणि त्यांत तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, पण आपल्या वस्तीत दिसणाऱ्या रुग्णांचे कारण ते नसते. आजा, बाप आणि नातू या तिघांना हा रोग झाला तर आधी हे विचारावे, की आज्याची तंबाखूची चंची पुढे कुणाच्या कमरेला गेली?

रक्ताची भाषा आपण जरा जपूनच वापरली पाहिजे. माणसाची लायकी रक्तातून येते असे सांगणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेवरच्या आपल्या निबंधात सडेतोड उत्तर दिले होते. जन्माने सगळे ठरते हा विचार सोडून आपण धम्मात आलो. रोगाच्या बाबतीत तो मागच्या दाराने घरात घेण्याचे काही कारण नाही.

तर तोंडातल्या पेशीची सूचना बिघडते कशाने? तंबाखू आणि चुना तळहातावर मळून गालात धरला की चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन पटकन तोंडात उतरते आणि तलफ भागते. त्याच वेळी तंबाखूतली कर्करोगकारक रसायने तासन् तास एकाच जागी कातडीला चिकटून राहतात. मशेरीचेही तसेच. बायाबापड्या ती सकाळी दात घासायला म्हणून लावतात, मग दुपारी, मग रात्री, आणि कुणी विचारले तर सांगतात की मी तंबाखू खात नाही! सुपारीला लोक निरुपद्रवी समजतात. पण नुसती सुपारी, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच दिला आहे. गुटख्यात तर सगळेच एकत्र आले. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे टपरीवर उभे राहिले की कळते.

२०१३ साली आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी हिरडी आणि गालाच्या कर्करोगातल्या जनुकांची पाहणी प्रसिद्ध केली. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था आणि टाटा मेमोरियलचे खारघरचे संशोधन केंद्र यांनी मिळून हे काम केले. तंबाखू गालात धरण्याच्या सवयीमुळे आपल्याकडे हा कर्करोग फार, म्हणून त्याचा अभ्यास आपल्याच लोकांनी करणे गरजेचे होते. त्यात पुन्हा पुन्हा बिघडलेले आढळलेले एक जनुक म्हणजे टीपी-५३. हे जनुक पेशीतल्या पहारेकऱ्यासारखे असते. पेशीत बिघाड झाला की ते वाढ थांबवते, दुरुस्ती होईना तर त्या पेशीला मरायला लावते. पहारेकरीच बाद झाला की बिघडलेली पेशी वाढतच सुटते.

पण वाढणे वेगळे आणि पसरणे वेगळे. माणसाचा जीव बहुधा पसरण्याने जातो.

कर्क म्हणजे खेकडा. भातशेती करणाऱ्याला खेकडा काय करतो हे सांगायला नको. जव्हारच्या उतारावरच्या खाचरात पाणी बांधाने अडवलेले असते. खेकडा बांधात बीळ करतो. वरून बांध धड दिसतो, आतून पोखरलेला असतो, आणि एके सकाळी खाचरातले पाणी खालच्या खाचरात गेलेले असते. तोंडाच्या कातडीखालीही असाच एक पातळ बांध असतो. कातडीच्या पेशी त्याच्या वर आणि रक्तवाहिन्या, स्नायू व लसिका नावाचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या त्याच्या खाली असतात. कर्करोगाची गाठ जोवर बांधाच्या वर आहे तोवर ती पसरत नाही. बांध फुटला की तिच्या पेशी लसिकेच्या नळ्यांतून गळ्यातल्या ग्रंथींत जाऊन बसतात.

हा बांध पोखरणारी काही रसायने आपल्याच शरीरात तयार होतात. त्यांचा एक मोठा गट आहे, एमएमपी नावाचा, आणि त्यातल्या प्रत्येकाचे वेगळे जनुक आहे. ती मुळात वाईट नसतात. बोट कापले तर जखम भरताना नव्या पेशींना सरकायला वाट लागते, ती वाट ही रसायने करून देतात. एमएमपी-१० हे त्यांपैकीच एक. जखम भरली की त्याचे काम थांबायला हवे. कर्करोगाच्या गाठीत ते थांबत नाही. बांध दुरुस्त करायला ठेवलेला माणूसच तो फोडायला लागावा, तसा हा प्रकार आहे.

खारघरच्या केंद्रात डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने तंबाखू-सुपारी खाणाऱ्या रुग्णांच्या जिभेच्या कर्करोगाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. जिभेवरची गाठ अजून लहान आहे असे काही डझन रुग्ण त्यांनी घेतले. गाठ सारखीच लहान, पण काहींच्या गळ्यातल्या ग्रंथींत रोग पोहोचलेला आणि काहींच्या नाही. हा फरक कशाने पडतो, ते त्यांना शोधायचे होते. हजारो जनुके तपासल्यावर त्यांचे बोट एमएमपी-१० वर थांबले. ज्यांचा रोग गळ्यात पोहोचला होता, त्यांच्या जिभेच्या गाठीत हे जनुक जास्त जोरात चालू होते. म्हणजे जिभेच्या गाठीचा छोटा तुकडा पाहून, हिने बांध फोडलाय का याचा अंदाज पुढेमागे बांधता येईल, अशी आशा निर्माण झाली.

ही आशा एवढी महत्त्वाची का, हे कळण्यासाठी टाटा रुग्णालयातलेच आणखी एक काम सांगावे लागेल. आम्हाला तर तेच अधिक मोठे वाटते, कारण ते लगेच रुग्णाच्या उपयोगाचे आहे. तोंडाच्या कर्करोगात पुढे काय होणार, याचे सर्वांत भक्कम चिन्ह गळ्यातल्या ग्रंथी हे आहे. ग्रंथी स्वच्छ असतील तर रुग्ण बरा होण्याची शक्यता चांगली, रोग तिथे पोहोचला असेल तर ती बरीच खाली येते. अडचण अशी की सुरुवातीला ग्रंथीतला रोग हाताला लागत नाही. मग लहान गाठ असलेल्या रुग्णाच्या गळ्याचे करायचे काय? जिभेबरोबर गळ्यातल्या ग्रंथीही काढायच्या, की फक्त लक्ष ठेवायचे आणि गाठ लागली तर मग काढायच्या? जगभरच्या सर्जनांमध्ये यावर कित्येक वर्षे वाद होता.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षे या प्रश्नाचा छडा लावला. लहान गाठ आणि गळा हाताला मोकळा लागणारे रुग्ण त्यांनी दोन गटांत वाटले. एका गटाच्या ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, दुसऱ्या गटावर लक्ष ठेवले. ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या त्यांच्यापैकी तीन वर्षांनी १०० तले ८० जण जिवंत होते. वाट पाहिली त्यांच्यात १०० तले ६७ ते ६८. दुसऱ्या शब्दांत, आठ जणांच्या ग्रंथी आधी काढल्या की एक जीव जास्त वाचतो. आज जगभरचे सर्जन हा निकाल मानतात. आणि ते रुग्ण कोण होते? बहुतांशी आपल्यासारखी तंबाखू खाणारी, दुरून लांबून परळला आलेली माणसे. विज्ञानाला त्यांनी दिलेले हे दानच म्हणायचे.

म्हणून जिभेवर किंवा गालात लहानशी गाठ निघाली आणि सर्जन म्हणाला की गळाही उघडावा लागेल, तर "गळ्यात तर काहीच नाही, उगाच कापतात" असे म्हणून नकार देऊ नये. हा नकार आम्ही अनेक घरांत ऐकला आहे.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. आधीच ग्रंथी काढलेल्यांच्या ग्रंथी तपासल्या तेव्हा १० पैकी सुमारे ३ जणांच्याच ग्रंथींत रोग सापडला. उरलेल्या ७ जणांचा गळा एका अर्थी विनाकारण उघडला गेला. या शस्त्रक्रियेनंतर काहींचा खांदा दुखतो, हात डोक्याच्या वर जायला त्रास होतो. लाकडाची मोळी डोक्यावर घेणाऱ्या, वीटभट्टीवर विटा उचलणाऱ्या माणसाला खांदा म्हणजे पोट. कुठल्या ७ जणांना ही शस्त्रक्रिया लागणार नाही हे आधी कळले तर केवढे बरे होईल! एमएमपी-१० सारख्या जनुकामागे शास्त्रज्ञ लागले आहेत ते यासाठी. ही तपासणी रोजच्या उपचारात आलेली नाही. तिच्यावरून आज कुणाचा गळा उघडायचा की नाही हे ठरत नाही. तेव्हा कुणी जनुकांची तपासणी करून तुमचा कर्करोग पसरेल की नाही ते सांगतो म्हणून हजारोंची पावती पुढे केली, तर आधी उपचार करणाऱ्या सर्जनला विचारा. आज निर्णय होतो तो तुकड्याच्या तपासणीवर, गाठ किती खोल गेली आहे यावर आणि गळ्याच्या सोनोग्राफी, सीटी स्कॅनसारख्या चित्रांवर.

आता त्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. तुकडा काढला म्हणून पसरला, असे वाटण्याचे कारण साधे आहे. माणूस तुकडा काढायला जातो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. रोग बांधाखाली केव्हाच उतरलेला असतो. तुकडा काढल्यानंतर महिना-दोन महिन्यांत गळ्यात गाठ दिसते आणि दोष त्या सुईला लागतो. गाठीला पसरायला सुईची गरज नसते, ती स्वतःच्या जनुकांच्या जोरावर बांध पोखरते. उलट तुकडा न काढता उपचार सुरू करणे म्हणजे अंधारात कुऱ्हाड चालवणे. तुकडा काढून रिपोर्ट आला आणि नंतर घरी बसून राहिले, तर मात्र रोग वाढणारच. ती चूक सुईची नव्हे.

उशीर कसा होतो तेही पाहू. जव्हार-मोखाड्यात दहापैकी नऊच्या आसपास लोक आदिवासी आहेत, आपली बौद्ध घरे थोडी. पण उशिराची वाट सगळ्यांची एकच. तोंडात फोड येते. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या जातात. पंधरा दिवसांनी तोंडाला लावायचे मलम. मग दात लागतोय असे वाटून दात काढला जातो. कुणी भगताकडे जातो. तेवढ्यात दिवाळी होते आणि घर उचलून माणसे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मालकाकडून उचल घेतलेली असते, सुट्टी मागायची सोय नसते. पावसाच्या तोंडाशी परत येईतो गालाला भोक पडलेले असते. वैतरणेचे पाणी धरणातून मुंबईच्या नळाला पोहोचते, आणि त्याच खोऱ्यातल्या माणसाला तोंड तपासायला मुंबई गाठावी लागते, याचा राग आम्हाला येतो. पण पहिली तपासणी मुंबईची नसतेच. ती जव्हारच्या कुटीर रुग्णालयात होते, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात होते, आणि त्याच्याही आधी घराच्या ओट्यावर होते.

त्यासाठी उजेडात बसा, आरसा घ्या, नसेल तर घरातल्या कुणाला तरी मोबाईलची बॅटरी धरायला सांगा. खळखळून चूळ भरा. ओठ उलटा करून पाहा, दोन्ही गाल बोटाने ताणून आतली बाजू पाहा, जिथे तंबाखू धरता ती जागा तर नीट निरखा. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, जीभ टाळूला लावून खालची जागा पाहा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखो वा न दुखो, यांपैकी काही दिसले तर दवाखाना गाठायचा. न दुखणाऱ्या जखमेकडे लोक दुर्लक्ष करतात. तीच आधी दाखवायला हवी. तोंड उघडून आपली तीन बोटे उभी आत जातात का तेही पाहा. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू आखडत जाते, भाकरी तिखट लागू लागते आणि एक दिवस दोन बोटेही जात नाहीत. हा कर्करोग नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा थांबा आहे. गळ्यावर, जबड्याखाली दोन्ही बाजूंना बोटे फिरवा. कडक, न दुखणारी गाठ लागली तर वाट पाहू नका.

नुसत्या नजरेच्या तपासणीने काय होणार, असे वाटेल. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक, डॉक्टर नव्हेत, घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासत. २००५ साली निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी झालेले दिसले. बॅटरी आणि शिकवलेली नजर, एवढ्या भांडवलावर. आपल्याकडेही सरकारी कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाची तोंडाची तपासणी आरोग्य केंद्रात व्हायची आहे. आशाताई रक्तदाब-साखरेचा फॉर्म भरायला आल्या तर त्यांना आठवण करून द्या, की तोंडही पाहायचे आहे.

इथे आमचे एक स्पष्ट मत मांडतो. पंचशील घेताना पाचवे शील आपण दारूपुरते धरतो. तंबाखूचे नाव त्यात नाही, बुद्धांच्या काळी आपल्या देशात तंबाखू नव्हतीच. पण ज्याची तलफ माणसाला भानावर राहू देत नाही आणि देह पोखरते, ते त्या शीलाच्या बाहेर कसे ठेवता येईल? विहारात त्रिसरण-पंचशील म्हणून बाहेर पायरीवर चुना मळणारे आपणच आहोत. मंगल परिणय बौद्ध पद्धतीने लावायचा आणि पाहुण्यांपुढे विडा-सुपारीचे तबक फिरवायचे, हे कोणी ठरवले? तबकात बडीशेप ठेवा, खडीसाखर ठेवा.

आणि वर्षावासाचे महिने तपासणीला फार सोयीचे आहेत. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते, पावसाळा असतो, भट्टीवर गेलेली माणसे घरी असतात. महिला मंडळाने एका रविवारी आरोग्य केंद्रातून डॉक्टर किंवा दंतवैद्य बोलवावा, वाचनानंतर सगळ्यांची तोंडे पाहून घ्यावीत आणि शेजारच्या पाड्यावरच्या लोकांनाही निरोप द्यावा. दिवाळीच्या आत संशयिताचा तुकडा काढून झाला पाहिजे, हे गणित डोक्यात ठेवून. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन आहे, त्यावर समुपदेशक बोलतात.

रोग निघालाच तर पैशाच्या भीतीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवायचे. दोन्हींवर नाव एकसारखे आहे का हे घरून निघण्यापूर्वी पाहा, नावातल्या काना-मात्रेपायी माणसे दोन-दोन खेपा घालतात. कर्करुग्णांना एसटीत आणि रेल्वेत भाड्याची सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला मागून घ्या. मोखाड्याच्या लोकांना नाशिक जवळ, खोडाळ्याकडून कसाऱ्याला उतरून लोकल धरली तर परळही एका दिवसात होते. आणि तुकडा कुठेही काढलेला असो, रिपोर्टच्या कागदाबरोबर त्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या, कापडात गुंडाळून जपून न्या. पुढचे रुग्णालय ते तपासायला मागते. ते जवळ असले तर बहुधा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही आणि आठ-पंधरा दिवस वाचतात.